उसाच्या जमिनीवरची शहरं : मॉरिशसची प्रवासनोंद

सोमवार : विमानतळ ते क्युरपीप

2015 साली भारताने शंभर शहरांसाठी स्मार्ट सिटी अभियान सुरू केलं. मॉरिशसची स्मार्ट सिटी योजनाही त्याच वर्षीची. आपल्याकडे आहे त्याच शहरांची डागडुजी करायचं ठरलं. पुण्यात औंध-बाणेर-बालेवाडीचे पदपथ रुंद झाले ते त्यातूनच. मॉरिशसने मात्र उसाच्या शेतांत नवीच शहरं वसवायला परवानगी दिली. नगररचनेच्या कामात असल्यामुळे हा फरक बरीच वर्षं डोक्यात घोळत होता, आणि तो प्रत्यक्ष पाहायचा म्हणून मी इथे आले.

मॉरिशसचं मुख्य बेट 1,865 चौरस किलोमीटरचं, म्हणजे पुणे जिल्ह्याच्या आठव्या हिश्श्यापेक्षा थोडं कमीच. लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास. एवढ्या जागेत एक देश आपलं पाणी, वीज, कचरा, रस्ते, शेती आणि घरं सगळं बसवतो. चुकून एखादी जागा वाया गेली तर शेजारचा तालुका घ्यावा, अशी सोय नाही.

विमानतळाबाहेर पडल्यावर समोरच मों त्रेझोरचं काम दिसतं. ऑम्निकेन या साखर कंपनीच्या जमिनीवरची ही स्मार्ट सिटी. रस्ते आखलेले, झाडं नेमाने लावलेली, आणि कडेला लगेच ऊस. तोडणीचा हंगाम चालू होता. ट्रॅक्टरमागे उसाने लादलेल्या गाड्या आणि मागे खोळंबलेल्या मोटारी पाहून सांगली-कोल्हापूरकडच्या माणसाला लगेच ओळख पटावी.

ही जमीन घरांकडे का वळली याचं कारण युरोपात आहे. कित्येक दशकं मॉरिशसची साखर युरोप ठरलेल्या, चढ्या भावाने घेत असे. 2006 पासून युरोपीय संघाने साखरेचा हमीभाव टप्प्याटप्प्याने 36 टक्क्यांनी उतरवला आणि 2009 मध्ये जुना साखर करारच संपला. 1858 मध्ये या बेटावर 259 साखर कारखाने होते, आज तीन उरलेत. एके काळी वर्षाला सात लाख टनांपर्यंत गेलेलं साखरेचं उत्पादन आता अडीच लाखांच्या आत-बाहेर असतं. पण कारखाने बंद झाले तरी जमिनी त्याच मोजक्या कंपन्यांकडे राहिल्या. आपल्याकडे गिरण्या बंद झाल्यावर मुंबईच्या गिरणगावात जे झालं ते ज्यांनी पाहिलंय, त्यांना पुढचं फार समजावून सांगावं लागणार नाही.

क्युरपीपला पोहोचले तेव्हा बारीक पाऊस आणि चांगलीच थंडी. हे गाव पठारावर, साडेपाचशे मीटर उंचीवर आहे. स्वेटर आणला होता ते बरं झालं.

मंगळवार : मेट्रो आणि पोर्ट लुई

क्युरपीपहून राजधानी पोर्ट लुईला मेट्रो एक्स्प्रेसने गेले. ही हलकी रेल्वे लार्सन अँड टुब्रोने बांधली, बराचसा पैसा भारताने 2016 मध्ये दिलेल्या 35 कोटी 30 लाख डॉलरच्या मदतीतून आला आणि डबे स्पेनचे आहेत. पहिला टप्पा रोझ हिल ते पोर्ट लुई, 2019 च्या ऑक्टोबरमध्ये उद्घाटन झालेला. क्युरपीपपर्यंत गाडी यायला 2022 उजाडलं. मार्ग बराचसा जुन्याच रेल्वेच्या वाटेवरून जातो. 1864 मध्ये सुरू झालेली ती रेल्वे 1956 मध्ये प्रवाशांसाठी बंद केली, कारण बस आणि मोटारी पुरेशा आहेत असं तेव्हा वाटलं. आज साधारण दर दोन माणसांमागे एक वाहन आहे आणि बेट काही रुंद होत नाही. दीडशे वर्षांपूर्वीच्या माणसांनी जमिनीचे उतार पाहून निवडलेली वाट मेट्रोच्या उपयोगी पडली. ती वाट पूर्णपणे विकून टाकली गेली नव्हती, हे मॉरिशसचं भाग्य.

डब्यात शाळेच्या गणवेशातली मुलं, भाजीच्या पिशव्या घेतलेल्या आजी आणि लॅपटॉपच्या बॅगा घेतलेली मंडळी. विद्यार्थ्यांना आणि ज्येष्ठांना बसप्रवास 2005 पासून मोफत आहे. स्मार्ट सिटीच्या माहितीपत्रकांत हा निर्णय कधी दिसणार नाही, पण घराबाहेर पडणाऱ्या आजींची संख्या पाहिली की त्याचं मोल कळतं.

व्हिक्टोरिया स्थानकावर उतरून चालतच आप्रवासी घाटावर गेले. 1834 ते 1920 या काळात साडेचार लाखांहून जास्त गिरमिटिये, म्हणजे करारावर आणलेले मजूर, या बंदरात उतरले. बहुतेक बिहार-उत्तर प्रदेशातले आणि तामिळ-तेलुगू भागातले, पण मुंबई बंदरातून आलेले आपले कोकणातले लोकही त्यांत होते. धक्क्यावरच्या सोळा दगडी पायऱ्या अजून तशाच आहेत. 2006 मध्ये ही जागा जागतिक वारसा ठरली. ज्या उसाच्या जमिनी मी पाहायला आले होते, त्यांतले दगड वेचून ढीग लावणारे हे लोक. शेतांत ते काळ्या दगडांचे ढीग अजूनही जागोजागी दिसतात.

तिथून कोदाँच्या किनाऱ्यावर. दुकानं, खाण्याच्या जागा, बंदरातली जहाजं, सगळं देखणं. याच भागात 30 मार्च 2013 ला दीड-दोन तासांत दीडशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला आणि डोंगरावरून येणारा रुइसो द्यु पूस हा ओढा शहरात घुसला. 11 माणसं गेली. त्यांतली काही पादचारी भुयारात आणि तळघरातल्या वाहनतळात अडकली होती. शहराला तिन्ही बाजूंनी डोंगर, चौथीकडे समुद्र, आणि मधला ओढा कठड्यांत, फरशांखाली दाबलेला. 15 जानेवारी 2024 ला बेलाल चक्रीवादळ आलं तेव्हाही लोक सकाळी नेहमीसारखे कामावर आले आणि त्यानंतर काही तासांत याच रस्त्यांवरून मोटारी वाहत गेल्या. इशारा उशिरा वाढवला म्हणून हवामान खात्याच्या प्रमुखांना पद सोडावं लागलं.

मी ओढ्याच्या काठाने वर जमेल तितकं चालले. पुण्यातल्या आंबिल ओढ्याचा 2019 च्या सप्टेंबरमधला पूर ज्यांनी अनुभवलाय त्यांना अशा काठावरून चालताना नुसतं हिरवं पाणी दिसत नाही. कुठे भिंत पात्रात किती पुढे आलीय, कुठे पुलाची कमान बुटकी आहे, कुठे वरच्या उतारावर नवं काँक्रीट ओतलंय, इकडेच लक्ष जातं. पोर्ट लुईत हे तिन्ही दिसलं. 2013 नंतर चार वर्षांनी देशाने जमिनीवरच्या पाण्याच्या निचऱ्यासाठी स्वतंत्र प्राधिकरण स्थापलं. माझ्या मते मॉरिशसच्या सगळ्या स्मार्ट धोरणांत हा सर्वांत महत्त्वाचा निर्णय आहे, आणि त्याचं नाव मला भेटलेल्या फार थोड्या लोकांना ठाऊक होतं.

दुपारी बाजारात दालपुरी खाल्ली. जोडीला फरसबीसारख्या बियांची भाजी आणि टोमॅटोचा रस्सा. आपल्या पुरणपोळीची तिखट बहीण.

बुधवार : एबेन

एबेन सायबर सिटी ही स्मार्ट सिटी योजनेच्या आधीची पिढी. 2001 च्या सुमाराला इथे ऊस होता. साखर आणि कापडगिरण्यांच्या पुढे काय, या प्रश्नाला तेव्हाच्या सरकारने दिलेलं उत्तर म्हणजे एबेन. भारताच्या कर्जाची मदत होती, आणि त्याहून मोठी मदत समुद्राच्या तळाशी होती. दक्षिण आफ्रिकेपासून मलेशियापर्यंत जाणारी सेफ ही केबल 2002 मध्ये सुरू झाली. तिचा एक फाटा मॉरिशसला आणि एक आपल्या कोचीला येतो. केबल आली म्हणून कॉल सेंटरं आली, मग बँकांची मागची कामं, मग सॉफ्टवेअर. इंग्रजी आणि फ्रेंच दोन्ही सहज बोलणारी तरुण मंडळी हे इथलं खरं भांडवल. पुढच्या काळात मॉरिशसने जवळजवळ घरोघरी फायबर नेलं. खेड्यातल्या घरातही जोडणी चांगली असते, हे मी स्वतः वापरून पाहिलं.

पण एबेनच्या आखणीत राहण्याचा विचार फार कमी झाला. सकाळी साडेआठला मोटारींची रांग, संध्याकाळी उलट्या दिशेने तीच रांग, आणि साडेसातनंतर मी चालत गेले तर रस्त्यावर फक्त सुरक्षारक्षक. 2023 मध्ये रेदुईकडची मेट्रो एबेनमधून सुरू झाल्यावर फरक पडला, असं इथे नोकरी करणाऱ्या एका मुलीने सांगितलं. “आधी पार्किंगसाठी घरून सव्वासहाला निघायचे,” ती म्हणाली. वीस वर्षं उशिरा आलेली गाडी. आधी रूळ, मग मनोरे असा क्रम असता तर? हिंजवडीला जाणाऱ्या कुणाला हा प्रश्न नवा वाटणार नाही.

एबेनच्या शेजारीच मिनिसी नावाची जागा आहे. तिथे ‘हेरिटेज सिटी’ नावाची नवी प्रशासकीय राजधानी उभी राहणार होती. संसद, मंत्रालयं, सगळं तिकडे हलवायचं ठरत होतं. 2016 मध्ये तो बेत रद्द झाला. खर्च पेलणारा नव्हता, आणि मंत्रालयं उठून गेली असती तर पोर्ट लुई आणखी रिकामं पडलं असतं. रद्द केलेल्या प्रकल्पांचं कौतुक कुणी करत नाही. मी इथे मनापासून करते.

रस्त्यारस्त्यावर कॅमेरे. ‘सेफ सिटी’ योजनेखाली बेटभर सुमारे चार हजार बसवले गेले, हुआवे या चिनी कंपनीच्या तंत्रावर. साडेबारा लाख माणसांच्या देशात जिथे निम्मे लोक एकमेकांच्या नात्यात किंवा ओळखीत असतात, तिथे कोण कुठे गेलं हे सरकारला दिसणं ही मोठी गोष्ट आहे. मॉरिशियन लोकांनी हा प्रश्न सोडून दिलेला नाही. 2013 मध्ये बोटांचे ठसे साठवणारं ओळखपत्र आलं, तेव्हा एक नागरिक थेट संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीपर्यंत गेला आणि 2021 मध्ये समितीने त्याच्या बाजूने मत दिलं. छोट्या देशात एकट्या माणसाला असं लढणं किती जड जात असेल! सगळे ओळखीचेच.

गुरुवार : मोका

मोका पाहायला मी सबंध दिवस ठेवला होता. ईएनएल या कंपनीच्या जमिनीवर टेलफेअर, विव्हेआ, हेल्वेशिया, बागातेल असे भाग जोडत ही स्मार्ट सिटी वाढते आहे. सायकलमार्ग आहेत, सावली आहे, पदपथ खरोखर चालण्याजोगे आहेत. पावसाचं पाणी मुरायला खोलगट हिरव्या पट्ट्या सोडल्यात आणि त्या नकाशावर दाखवण्यापुरत्या नाहीत. एका ठिकाणी वाकून बघितलं तर तळाशी खडी आणि त्याखाली निचऱ्याची सोय. शाळा, दवाखाना, ऑफिस, किराणा हे सगळं चालत पंधरा मिनिटांत. हे शिकण्यासारखं आहे आणि मी पुष्कळ फोटो काढले.

मग घरांच्या किमती पाहिल्या. योजनेसाठी किमान 50 आर्पाँ जमीन लागते. आर्पाँ हे इथलं फ्रेंच काळापासूनचं माप, एकराहून थोडं मोठं. एवढी सलग जमीन कुणाकडे असणार? जुन्या साखर मळ्यांच्या मालकांकडेच. योजनेत करांच्या सवलती दिल्या गेल्या, आणि 2024 मध्ये परदेशी माणसाने 3 लाख 75 हजार डॉलरचं घर घेतलं की त्याला इथे राहण्याचा परवाना मिळत असे. मॉरिशियन रुपयांत ही रक्कम पावणेदोन कोटींच्या जवळ जाते. 2024 मध्ये देशाचं किमान वेतन महिना 16,500 रुपये होतं. म्हणजे त्या वेतनावरच्या माणसाने सगळा पगार बाजूला ठेवला तरी ऐंशी वर्षांहून जास्त लागतील. स्थानिकांसाठी स्वस्त घरंही काही आहेत, हे खरं. पण सवलती ज्या किमतीभोवती बांधल्यात ती किंमत शहराचं गिऱ्हाईक ठरवून टाकते.

सरकारची बाजूही मी समजू शकते. परकीय चलन लागतं. अन्नाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग आयात होतो, सगळं खनिज इंधन बाहेरून येतं. डॉलर आणणारी तीन-चारच दारं आहेत: पर्यटन, वित्तसेवा, कापड, आणि आता ही घरं. पण साखर पुन्हा पिकवता येते, पर्यटक पुन्हा येतो. जमीन एकदाच विकली जाते.

संध्याकाळी जवळच्याच महात्मा गांधी संस्थेत गेले. 1970 ची ही संस्था. इथे मराठीही शिकवतात. शिक्षक होऊ पाहणारी दोन मुलं भेटली. पाचव्या-सहाव्या पिढीतली, घरी क्रिऑल ही फ्रेंचवरून घडलेली इथली बोली बोलणारी. मला ‘ताई’ म्हणाली आणि अगदी शुद्ध पुस्तकी मराठीत विचारलं, “आपल्या पुण्यात स्मार्ट सिटीमध्ये सामान्य माणसाला घर मिळते का?” मी सांगितलं, आमच्याकडे घरं बांधली नाहीत, रस्ते केले. मुलगा म्हणाला, “मग ते सगळ्यांचे झाले.”

शुक्रवार : उत्तरेकडे

पाम्प्लमूसला थोडा वेळच गेले. बो प्लाँचा साखर कारखाना 1999 मध्ये बंद झाला, त्याचं संग्रहालय झालं, आणि भोवतीच्या जमिनीवर टेरा कंपनीची स्मार्ट सिटी आहे. तळ्याकाठची दुकानं, चित्रांच्या खोल्या. छान आहे, मोकानंतर नवं फारसं नव्हतं.

मला जास्त ओढ होती ती पलीकडच्या बेल व्ह्यूची. तिथल्या कारखान्याला लागून वीजकेंद्र आहे. हंगामात ते उसाचा चोथा जाळतं, हंगाम संपला की कोळसा. बेटावरच्या विजेचं गणित समजून घ्यायचं तर इथे उभं राहावं. आपल्याकडे पुण्यात वीज कमी पडली तर ती छत्तीसगडहून येऊ शकते. बेटाला शेजारी नाही. सौर पटलांवर ढग आला आणि उत्पादन एकदम घसरलं, तर ती पोकळी काही सेकंदांत आपल्याच बेटावरून भरावी लागते. म्हणून वीज मंडळाने 2018 पासून जाळ्यात मोठ्या बॅटऱ्या जोडायला सुरुवात केली. 2030 पर्यंत 60 टक्के वीज नवीकरणीय स्रोतांतून आणि कोळसा बंद, असं उद्दिष्ट 2021 मध्ये ठरलं होतं. आजचा वाटा त्याच्या जवळही नाही. आणि ऊस जितका कमी होईल तितका चोथाही कमी. उसाच्या जागी घरं उभी राहिली की त्या घरांसाठी लागणारी वीज वाढते आणि ती देणारं जळण घटतं. हे दोन खात्यांचे कागद एकाच टेबलावर ठेवून कुणी तरी बोलायला हवं.

शनिवार : कास्कावेल

पश्चिम किनाऱ्याजवळचं कास्कावेल हे मराठी वस्तीचं गाव. एका ओळखीच्यांच्या मावशींकडे उतरले. पलीकडे मेदीन कंपनीची युनिसिटी. तिथे पॅरिसच्या पाँतेऑं-आसास विद्यापीठाचे आणि नाँतच्या वास्तुकला शाळेचे वर्ग चालतात. आफ्रिकेतून आलेली मुलं तिथे शिकतात, आणि कास्कावेलच्या पोरांना शिक्षणासाठी समुद्र ओलांडायची गरज कमी झाली, ही मोठी जमेची बाजू.

मावशींच्या गच्चीवर निळी टाकी. “बाय, पाणी सकाळी येतं, भरून ठेवायचं,” त्या म्हणाल्या. पश्चिम किनारा कोरडा. पठारावर पाऊस भरपूर पडतो, पण नळांच्या जुन्या जाळ्यातून निम्म्याहून जास्त पाणी वाटेतच जातं. गच्चीवरून युनिसिटीकडची हिरवळ दिसत होती. तिला कोणतं पाणी घालतात ते मी विचारलं; शुद्ध केलेलं सांडपाणी असेल तर उत्तमच. पण मावशींच्या अंगणातली कढीलिंबाची आणि अळूची रोपं कपडे धुतलेल्या पाण्यावर वाढलीत, आणि हे त्यांना कुणी सल्लागाराने शिकवलेलं नाही. गळक्या नळांवर संवेदक बसवण्याइतकं चांगलं स्मार्ट काम या देशात मला दुसरं सुचत नाही. दिसणार नाही, फीत कापता येणार नाही, पण नवं धरण बांधण्याआधी ते करायला हवं.

रात्री गावच्या सभागृहात गणपतीच्या जाखडीची, म्हणजे कोकणातल्या त्या नाचाची, तालीम होती. गणेशोत्सवाची इथे सरकारी सुट्टी असते. ढोलकी तीच, ठेका तोच, गाण्यात रत्नागिरीकडचे शब्द, आणि मधल्या सूचना मात्र क्रिऑलमध्ये. मावशी म्हणाल्या, पूर्वी विसर्जन गावच्या ओढ्यात व्हायचं. आता पाणी कमी, म्हणून समुद्रावर नेतात.

रविवार : माएबूर

परतीचं विमान रात्रीचं होतं, म्हणून दिवस दक्षिण-पूर्वेच्या माएबूरला काढला. 25 जुलै 2020 ला जवळच्या प्वाँत देस्नीसमोर ‘वाकाशिओ’ हे तीनशे मीटर लांबीचं मालवाहू जहाज प्रवाळखडकावर चढलं. चार हजार कॅमेऱ्यांच्या देशात, भर किनाऱ्यासमोर. बारा दिवस ते तसंच अडकून होतं, आणि 6 ऑगस्टला तेल सांडायला लागलं. सुमारे हजार टन. शेजारीच ब्लू बेचं सागरी उद्यान आणि खारफुटी.

धक्क्यावर एक मच्छीमार काका जाळं दुरुस्त करत बसले होते. त्यांनी तेव्हा काय केलं ते हाताने दाखवून सांगितलं. कापडाच्या लांब पिशव्या शिवायच्या, त्यांत उसाचं वाळलेलं पाचट ठासायचं, तरंगायला रिकाम्या प्लास्टिकच्या बाटल्या घालायच्या, आणि तोंडं शिवून एकमेकींना जोडायच्या. पाचट तेल शोषतं, पिशवी तेल अडवते. केशकर्तनालयांतून केस गोळा झाले, तेही भरले. गावोगावचे हजारो लोक आले: शाळकरी मुलं, कामगार, वकील, सगळे. कोणत्या मळ्यात पाचट पडलंय, कुणाकडे शिलाई यंत्र आहे, कुणाची होडी रिकामी आहे, ही माहिती फोनवरून एका दिवसात बेटभर फिरली. कित्येक किलोमीटर लांबीचे अडसर लोकांनी तयार केले आणि खारफुटीचा बराच भाग त्यामुळे वाचला, असं काका ठामपणे सांगत होते. खाजणातला मासा मात्र बराच काळ विकता आला नाही, त्याबद्दल ते कमी बोलले.

मी त्यांना विचारलं, पुढच्या वेळेसाठी हे कुठे लिहून ठेवलंय का: पाचट कुणाकडून आणायचं, पिशव्या कुठे साठवायच्या, कुठल्या खाडीच्या तोंडाशी आधी बांधायचं. काका म्हणाले, लिहिलेलं त्यांनी तरी पाहिलं नाही, पण शिवणाऱ्या बायका इथेच राहतात आणि त्यांना माप पाठ आहे. मग त्यांनी मला एका घराकडे पाठवलं. तिथल्या बाईंनी पिशवीची रुंदी, टाक्यांमधलं अंतर, किती बाटल्यांमागे किती पाचट, हे सगळं सांगितलं आणि मी ते वहीत आकृतीसह उतरवून घेतलं. मुंबईजवळच्या समुद्रात 2010 च्या ऑगस्टमध्ये दोन जहाजांची टक्कर होऊन तेल सांडलं होतं, ते आपल्या किनाऱ्यालाही लागलं. पाचट आपल्याकडेही आहे, कोळीवाडेही आहेत. कुणाला हवी असेल तर ती आकृती मी आनंदाने देईन.